शनिवारचं पाणी

लग्नात, हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी विचारलं, "तुम्ही नोकरीत काय करायचात हो?" तर मी "सरकारी नोकरी" एवढंच सांगून सुटायला बघते. खरं सांगितलं तर सुटका नाही. "जुन्या इमारतींच्या भिंतीत ओल कशी शिरते आणि काय नासधूस करते, ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं काम," असं म्हणायचा अवकाश, की समोरची बाई माझा दंड धरते आणि तिच्या इथल्या, दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमधली बाथरूममागची भिंत मला तोंडी दाखवायला लागते. दिल्लीत एक वेळ गाडी नसलेलं घर सापडेल, सीलन, म्हणजे ओल, नसलेलं सापडणार नाही. आमचंही नाही. जानेवारीत पानिपतचा काला अंब बघायला म्हणून पुण्या-साताऱ्याकडचे पाहुणे येतात, आमच्याकडे मयूर विहारला उतरतात आणि दिवाणखान्यातल्या पोपड्यांकडे बघून गालातल्या गालात हसतात. आमचे हे त्यांना सांगतात, "घरची केस ती घेत नाही." पोपडे हा शब्दसुद्धा आता पाहुण्यांसमोरच वापरायला मिळतो. दिल्लीत वाढलेली माझी मुलगी त्यांना पपडी म्हणते.

या अंकाचे संपादक म्हणाले, नोकरीचा आढावा नको, एखादा अनुभव लिहा. बरं झालं. माझ्या आढाव्यात बढत्या आणि मीटिंगा सोडून काही निघालं नसतं.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भिंत पाणी पिते. दिव्याची वात तेल ओढते तशी जुनी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते, कमरेपर्यंत, कधी डोक्याच्याही वर. नुसतं पाणी असतं तर प्रश्न नव्हता, ते हवेत उडून जातं. पण जमिनीतलं मीठ त्याच्याबरोबर वर येतं आणि पाणी उडालं की मागे राहतं. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणी सोडते आणि ऊन पडलं की त्याच मिठाचे पुन्हा खडे होतात, ते तुम्ही बघितलं असेल. भिंतीच्या आत अगदी हेच चालतं. हवा दमट झाली की मीठ विरघळतं, कोरडी झाली की खडा धरतं, आणि खडा धरताना त्याला जागा लागते. ती जागा तो गिलावा फोडून करून घेतो. एकदा झालं तर कुणाला कळत नाही, पण वर्षानुवर्षं तेच होत राहिलं की गिलाव्याचा भुगा होतो.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं तर जन्म पुरत नाही, म्हणून कॉम्प्युटर. भिंतीचे कागदासारखे पातळ थर आहेत असं मानायचं. कोणता थर किती पाणी पितो, किती सोडतो ते आकड्यांत सांगायचं. बाहेरचं ऊन-पाऊस तासातासाचं द्यायचं, आतली हवा द्यायची आणि मग वर्षं पळवायची. चहा होईस्तोवर वीस पावसाळे होऊन जातात. बघायला येणारे साहेब लोक भारावून जायचे. मला राग यायचा. अहो, यात जादू कसली? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपण जे सांगितलं नाही ते त्या डब्याला माहीत नसतं. परदेशी प्रोग्रॅममध्ये शेकडो विटांची माहिती भरलेली होती, आपली दिल्लीची चपटी लाखौरी वीट तेवढी नव्हती. ती आम्ही परातीत पाण्यात उभी करून, दर थोड्या वेळाने तोलून, स्वतः शोधून काढली. आमचा शिपाई सकाळी आल्या आल्या विचारायचा, "मॅडम, आज ईंट ने कितना पिया?"

एकदा एका जुन्या मकबऱ्याची पश्चिमेकडची भिंत आमच्या हिशेबाने सुकायला हवी होती आणि ती काही सुकेना. मी हाताखालच्या लोकांवर चिडले, आकडे तीन-तीनदा तपासून घेतले. मग एप्रिलच्या कडक उन्हात त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले तर चप्पल गवतात रुतली. भिंतीला लागून हिरवंगार लॉन, आणि दिल्लीच्या एप्रिलमध्ये आपोआप हिरवं काही राहत नाही. रोजचा पाइप चालू होता. आभाळातलं पाणी आम्ही थेंबाथेंबाने मोजलं होतं आणि माणसाचं पाणी विसरलो होतो. तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगायचे, आधी नळ शोधा, मग ढग. ऑफिसात माझ्यामागे माझी नक्कलही करायचे त्यावरून.

आता जे सांगायचंय ते सांगते.

निवृत्ती जवळ आली होती तेव्हा साळवे सिस्टरचा फोन आला. एस्तेर साळवे. हिंदूराव भागातल्या चढावरच्या हॉस्पिटलात त्या मेट्रन होत्या. माझी आई शेवटच्या आजारात तिथे होती, तेव्हा त्यांनी तिचं सगळं केलं. उशाशी मराठी बोलणारं माणूस आहे, एवढ्या एका गोष्टीवर आईचे ते दिवस बरे गेले. सगळी दुनिया त्यांना सिस्टर म्हणायची, मी मावशी म्हणायचे. घराणं नगरकडचं, ख्रिस्ती, पण त्यांचा जन्म दिल्लीतला. वडील इथे एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते.

"माधुरी, अगं, तुझं ते मशीन घेऊन आमच्या चर्चमध्ये ये," मावशी म्हणाल्या. "कमिटीने एसी बसवलेत आणि त्यांनी बाबांची भिंत खाल्ली. तू नुसतं लिहून दे त्यांना. तुझं ऐकतील ते, माझं ऐकत नाहीत."

चर्च रिज नावाच्या टेकडीच्या उतारावर, झाडीत, बाहेरून कुणाला कळणारही नाही असं लहान. महिन्यातल्या एका रविवारी तिथे मराठीत उपासना होते. आत गेल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर मावशींच्या वडिलांनी चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेलं मोठं चित्र आहे. एक विहीर, भोवती पाणी भरणाऱ्या नऊवारीतल्या बायका. मागच्या टेकड्या नगरच्या, उघड्याबोडक्या, आणि झाडं मात्र रिजवरची, कीकरची, म्हणजे बाभळीची. चित्र म्हणून थोर आहे का, ते मला सांगता येणार नाही. मला ते बघताक्षणी आवडलं. पण खालचा भाग सगळा पांढरा झाला होता. रंगाच्या पापुद्र्यांखालून लोणा फुटून आला होता, बायकांचे पाय दिसत नव्हते. अगदी खालच्या कोपऱ्यात, बाकाच्या उंचीवर, घागरीचा काठ धरून एक लहान मुलगी उभी होती. सगळ्या चित्रात ती एकटीच आपल्याकडे बघत होती.

"ही कुमुद," मावशी म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण. बाबांचं चित्र अर्ध्यावर होतं तेव्हा गोवराने गेली, चार वर्षांची. मग त्यांनी तिला इथे घातली. घरात तिचा फोटो नाही. तेव्हा कोण काढत होतं फोटो? ती आता एवढीच आहे."

कमिटीचे सेक्रेटरी शिंदे तिथे होते. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी एक ठेकेदार आणून ठेवला होता. तो म्हणाला, "मॅडम, छह फुट तक टाइल मार दो, झंझट खतम." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, भैया, टाइल लावल्याने पाणी थांबत नाही, ते टाइलच्या मागून आणखी वर चढतं. आज ही मुलगी जाईल, उद्या विहीर जाईल, परवा या सगळ्या बायका जातील. मग काय छतापर्यंत टाइल लावणार?

शिंद्यांनी मला शांतपणे बाजूला घेतलं. "हे बघा मॅडम, मी काही चित्राचा दुश्मन नाही. गेल्याच्या गेल्या जूनमध्ये प्रार्थनेच्या मध्यात आमचे एक वृद्ध गृहस्थ बाकावरून खाली कोसळले. उष्मा सहन झाला नाही. म्हणून एसी आले. आता सिस्टर म्हणतात काढून टाका. चित्र महत्त्वाचं का माणसं, तुम्हीच सांगा." पावसाळा संपल्यावर कमिटीची बैठक होती. तोवर मी नेमकं कारण आणि उपाय दिला तर ठीक, नाहीतर टाइल, असं ठरलं. बिचारा माणूस वाईट नव्हता.

आम्ही भिंतीवर हवेचा दमटपणा मोजणारी बोटाएवढी यंत्रं बसवली. पडलेल्या गिलाव्याचे तुकडे तपासायला नेले. एसी कधी चालतो ते विचारलं, तर फक्त रविवारी सकाळी. मला वाटलं, सापडलं. आठवडाभर दमट हवा, रविवारी अचानक कोरडी, मीठ फुटायला आणखी काय हवं? मावशींचं म्हणणं खरं ठरणार याचा मला आनंदच झाला होता. सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि वर्षं पळवली. भिंत बिघडत होती, पण फार हळू. एवढं नुकसान व्हायला अजून एक पिढी जावी लागली असती. प्रत्यक्षात ते आत्ताच झालेलं होतं.

म्हणजे पाणी आणखी कुठून तरी येत होतं. माझाच मंत्र मी म्हटला आणि नळ शोधायला निघाले. नळ चर्चच्या मागे, भिंतीपासून लांब. पन्हळ ठीक. दुखऱ्या गुडघ्यांनी छतावर चढून आले, छत कोरडं. लॉन तर नव्हतंच, सगळीकडे कीकर आणि धूळ. इकडे मावशींचा फोन यायचा, "सापडला का चोर?" मी म्हणायचे, "सापडेल, मावशी."

यंत्रांनी मोजलेली रेघ आणि कॉम्प्युटरने काढलेली रेघ एकावर एक ठेवली की आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, मोजलेली रेघ उंच उडी घ्यायची आणि रात्रभर वरच राहायची. यंत्र बिघडलं असेल म्हणून बदललं. नवीन यंत्रानेही शनिवारीच उडी घेतली. कुणाला विचारलं नाही. विचारलं की लोक आपण काय करतो ते सांगत नाहीत, आपण काय करतो असं त्यांना वाटतं ते सांगतात. मी एका शनिवारी दुपारी न कळवता गेले.

दार अर्धं उघडं होतं. आत पाच-सात बायका पदर खोचून जमीन धूत होत्या. बादल्यांनी पाणी ओतायचं, खराट्याने लोटत दारापर्यंत न्यायचं, पुन्हा ओतायचं. गप्पा चालल्या होत्या, मराठीत आणि हिंदीत, कुणाच्या सुनेबद्दल तरी. मावशी एकट्या डाव्या भिंतीपाशी पाटावर बसल्या होत्या. शेजारी छोटी बादली आणि हातात जुन्या साडीचा मऊ तुकडा. त्या कुमुदचं तोंड पुसत होत्या. बाहेरून खेळून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं, आधी कपाळ, मग गाल, मग फडक्यात बोट घालून ओठांभोवती हळूच गोल. फडकं बादलीत पिळायचं आणि पुन्हा. पांढरं गेलं आणि ओले रंग लखलखले.

"ये, ये. बघ कशी उजळली," मला बघून मावशी म्हणाल्या. "हे शनिवारचं पाणी आमच्याकडे आईच्या वेळेपासून. नगरला बायका दारात सडा घालायच्या ना, ते इथे कुठे घालणार? मग आईने रविवारच्या आदल्या दिवशी चर्च धुवायला सुरुवात केली. पूर्वी नुसती जमीन धुवायचो. आता हे पांढरं तिच्या तोंडावर येतं म्हणून तेही पुसते. सगळ्यांनी उद्या तिला असं पीठ फासलेलं बघायचं का?"

धुणं झालं, धूळ येऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या गेल्या, आणि सगळ्या जणींबरोबर मीही बाहेर ओट्यावर बसून चहा प्यायले. आत ओली हवा कोंडलेली होती, भिंतीवरचं मीठ विरघळून परत आत गेलेलं होतं, आणि उद्या सकाळी शिंदे एसी लावणार होते.

सोमवारी मी ते पाणी कॉम्प्युटरला सांगितलं. जमिनीवरचं आणि भिंतीवरचंही. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. असं जुळलं की आमच्या धंद्यात लोक पेढे आणतात. मी उठून कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. मग परत येऊन एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली. नुसता एसी असता तर भिंत तग धरून राहिली असती. नुसतं जमीन धुणं असतं तरीही. खरा घात होत होता तो शनिवारच्या त्या ओल्या फडक्याने आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या कोरड्या हवेने, आणि सगळ्यांत जास्त जिथे फडकं सगळ्यांत जास्त फिरत होतं तिथे.

घरी आले तर ह्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिही, साफसफाईचं पाणी. कोण पुसतं ते कशाला लिहायचं?" मलाही मोह झाला. पण मावशींना मी नीट सांगितलं नाही तर त्या पुसत राहणार, आणि दर पुसण्याला थोडी थोडी कुमुद जाणार. बरं, सांगणार कोण? त्यांनी माझ्या आईचे डोळे मिटले होते. मी त्यांच्या तिमारपूरच्या घरी गेले.

त्यांनी चहा केला, खारी काढली. मी लॅपटॉप उघडून रंगीत चित्रं दाखवायला लागले. त्या म्हणाल्या, "मशीन मिट ते. तोंडाने सांग." मी मिठाच्या बरणीपासून सांगितलं. म्हटलं, "पाण्याने पुसलं की पांढरं जात नाही, मावशी. ते आत जातं. आणि रविवारी बाहेर यायला बघतं, तेव्हा रंगाला खालून ढकलतं."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे एसीने नाही झालं."

"एकट्या एसीने नाही."

"मी पुसलं म्हणून."

मी कपात बघत म्हटलं, "हो."

"जन्मभर वॉर्डात पोरींना ओरडत आले," मावशी म्हणाल्या. "ओल्या जखमेला हात लावू नका, सारखी पट्टी उघडून बघू नका, सुकू द्या तिला. माझ्या हाताखाली शिकलेली एक पोर अशी चूक करणार नाही." मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आणि ही तर घरचीच होती."

मला रडू आलं, त्यांना नाही. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि खारी खायला लावली.

बैठकीत मी साफसफाईचं पाणी एवढंच बोलायचं ठरवून गेले होते. शिंदे सवयीने प्रत्येक गोष्ट मुळापर्यंत नेणारे. त्यांनी विचारलं, "पण मॅडम, भिंतीला पाणी लावतं कोण?" मी शब्द जुळवत होते तेवढ्यात मावशी उभ्या राहिल्या.

"मी. शिंदे, मिनिट्समध्ये लिहून घ्या. एसीचा दोष नाही. मी तुमच्याशी वर्षभर उगाच भांडले. टाइल लावू नका, एवढंच सांगते. मी आता हात लावणार नाही."

मग शिंदे उठले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा आधी." त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. टाइल रद्द झाली. शनिवारी फक्त कोरडा झाडू, उपासनेनंतर दारं-खिडक्या सताड उघड्या, एसी बेताचा, आणि मीठ आपसूक बाहेर येऊन सुकेपर्यंत भिंतीला कुणी शिवायचं नाही. मी आधीच सांगून ठेवलं होतं की बरं होण्याआधी ते जास्त वाईट दिसेल. भिंतीत साठलेलं सगळं पाणी आता बाहेर पडणार होतं, मीठ घेऊन.

तसंच झालं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि भिंतीवर पांढरं फुलायला लागलं. नाताळपर्यंत कुमुद पुरती झाकली गेली. पाहुणे विचारायला लागले, हे काय झालंय इथे? मी मधल्या काळात निवृत्त झाले, तरी जात राहिले. मावशी दर शनिवारी यायच्या. बाकीच्या बायका झाडून घ्यायच्या आणि मावशी पुढच्या बाकावर, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "हात शिवशिवतात गं." मी म्हटलं, "एक उन्हाळा जाऊ दे, मावशी." तर म्हणाल्या, "तुझ्या मशीनला माझं वय सांगितलंयस ना?" मी हसले, त्याही हसल्या. पण तो उन्हाळा मला फार जड गेला. भिंतीचं मी सांगू शकत होते, त्यांचं नाही.

उन्हाळा झाला, भिंत सुकली, आणि आम्ही फरहीनला बोलावलं. जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करणारी तरुण मुलगी, हाताने फार हलकी. मऊ कोरड्या ब्रशने ती पांढरं झटकायला लागली. मावशी, शिंदे आणि मी बाकावर बसून बघत होतो. घागरीचा काठ निघाला, त्यावरची बारीक बोटं निघाली. मग केस, कपाळ. मग एक डोळा आणि दुसरा. मी मावशींचा हात धरला. दोन्ही डोळे जसेच्या तसे होते. एक गाल होता, दुसरा फिका. नाकाच्या खाली ब्रश गेला आणि फरहीन थांबली. तिथे रंग नव्हता. ओठ होते त्या जागी नुसता गिलावा होता.

फरहीनने वळून आमच्याकडे बघितलं. ती म्हणाली, इथे अगदी पुसट रेषांनी भरता येईल, जवळून बघणाऱ्याला हे नंतरचं काम आहे असं कळेल, पण लांबून चेहरा पुरा वाटेल. मात्र मूळ कसं होतं ते हवं. शिंद्यांनी आधीच सगळ्या घरांतले अल्बम पालथे घातले होते. लग्नाच्या फोटोंत त्या कोपऱ्यापुढे नेमका बाक नाहीतर कुणाचा तरी शालू. मोबाइलवरच्या फोटोंतही तो कोपरा माणसांच्या मागे झाकलेला, आणि आमच्या तपासणीच्या फोटोंत तिथे पांढरंच.

"आंटी, आप बताइए," फरहीन म्हणाली. "होंठ कैसे थे? हँस रही थी, या चुप थी?"

मला आणि शिंद्यांना तिचे डोळेच तेवढे आठवत होते, म्हणून आम्ही सगळे मावशींकडे बघायला लागलो. ज्याने कुमुदला जिवंत बघितलं होतं, असं माणूस आता त्या एकट्याच. त्या पुढे झाल्या, चित्राच्या अगदी जवळ, पण हात लावला नाही. बराच वेळ बघितलं. डोळे मिटले. त्यांचं उजवं बोट साडीवर हळूहळू गोल फिरत होतं. मग त्यांनी डोळे उघडले.

"नाही आठवत," त्या मला म्हणाल्या. मग फरहीनला, "याद नहीं, बेटा." आणि परत मला, "ती गेली तेव्हा मी सात वर्षांची. मला आठवते ती हीच, भिंतीवरची. दर शनिवारी इतक्या जवळून बघितली गं मी. तरी नाही आठवत."

फरहीन म्हणाली, त्या वयाच्या मुलींचे असतात तसे अंदाजाने काढू का? मावशींनी मान हलवली. "नको. मग ती दुसऱ्या कुणाची तरी मुलगी होईल. राहू दे ते कोरं."

फरहीनने तिथे साधा चुना भरला, बाकीच्या गालाच्या रंगाला जुळेल असा, आणि रेघ काढली नाही.

भिंत आता कोरडी आहे. माझा हिशेब बरोबर आला. मावशी आता शनिवारी जात नाहीत. रविवारी जातात आणि इतकी वर्षं पुढच्या बाकावर बसणाऱ्या त्या बाई सगळ्यांत मागच्या बाकावर बसतात. परवा मराठी उपासनेला मी गेले होते, तर त्यांनी सरकून मला शेजारी जागा करून दिली. मी म्हटलं, "मावशी, इतक्या मागे? ऐकू तरी येतं का?"

"ऐकू नाही येत," मावशी म्हणाल्या. "पण इथून ती आख्खी दिसते."